साठ हजारांची गाडी, दोनशेचा पाइप

मेकॅनिकलवाले मराठी विभागाला कधीच काही देत नाहीत, अशी संपादकांची दरवर्षीची तक्रार. मी पडले कॉन्व्हेंटवाली. कविता माझ्याच्याने होणार नाही, पण गॅरेजचं मराठी मला बऱ्यापैकी येतं, कारण साताऱ्याला माझ्या मामाचं गॅरेज आहे आणि गेल्या दोन सुट्ट्या मी तिथे बिलं लिहीत बसले होते. पुस्तकातलं हेड गॅसकेट तिथे 'हेड पॅकिंग' होतं, वॉटर पंप 'वॉटर बॉडी' होतो, शॉक अॅब्सॉर्बर 'शॉकअप' आणि इंजिन माउंटिंग चक्क 'फाउंडेशन'! या लेखात मी हेच शब्द वापरणार आहे. कारण उद्या तुम्ही गॅरेजमध्ये गेलात तर समोरचा माणूस हेच बोलणार.

विषय आहे जुनी, सेकंडहँड कार. हा विषय निवडायचं कारण म्हणजे या वर्षात हॉस्टेलमधल्या तीन ग्रुपनी, एका लॅब असिस्टंट सरांनी आणि आमच्या मेसच्या काकांनी मला एकच प्रश्न विचारला. "पन्नास-साठ हजारांत कार येते म्हणे, घ्यावी का?" येते की! प्रश्न असा आहे की त्या साठ हजारांवर अजून किती जाणार, आणि ते कशावर.

उदाहरणासाठी मारुती ८०० घेऊया. एक तर आपल्याकडे ती अजून भरपूर दिसते आणि दुसरं म्हणजे मामाच्या वहीत सगळ्यात जास्त पानं तिचीच आहेत. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी ग्राहकाच्या हातात गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. म्हणजे आज बाजारात असलेली सगळ्यात 'तरुण' ८०० सुद्धा दहा वर्षांच्या पुढची आहे. खाली जे बिघाड सांगते आहे त्यात गाडीची चूक नाही, वयाची आहे. तुमच्या डोक्यात जुनी सँट्रो, झेन किंवा वॅगन आर असेल तरी गोष्ट तीच, आकडे थोडे वर सरकवा.

पहिल्या सुट्टीत मी बिलं लिहिता लिहिता एक गंमत पाहिली. मला वाटायचं, जुनी गाडी म्हणजे लोखंड झिजलेलं असणार. पिस्टन, क्रँक, गिअर वगैरे. पण रोजच्या बिलांवर नावं यायची ती होज पाइप, बुश, बूट, ऑइल सील, बेल्ट, फाउंडेशन, व्हील सिलिंडरचे वॉशर. सगळं रबर! लोखंडाचं काम यायचं तेव्हा बिल मोठं असायचं, पण मागे जाऊन विचारलं की बहुतेक वेळा सुरुवात कुठल्यातरी रबराच्या तुकड्यापासून झालेली असायची.

याचं कारण फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत आहे. कच्च्या रबरात गंधक घालून तापवलं की त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि ते टिकाऊ होतं. हेच व्हल्कनायझेशन, ज्याचं पेटंट चार्ल्स गुडइयरने १८४४ मध्ये घेतलं. आता बॉनेटखाली काय होतं की उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन हा उद्योग पुढे चालूच ठेवतात. काही ठिकाणी नव्या गाठी पडतात, काही ठिकाणी साखळ्या तुटतात. रबर कडक होतं, मग भेगा पडतात. तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ठोकताळा आपण पाठ केलेला आहेच. इंजिनाजवळचा पाइप आणि डिकीच्या दाराचं रबर एकाच वयाचे असून एक आधी का मरतो, ते यातून कळतं.

म्हणून "मॅडम, गाडी फक्त ३८ हजार किलोमीटर चाललीय, उभीच होती" हे वाक्य ऐकून हुरळून जाऊ नका. लोखंड किलोमीटरने झिजतं. रबर वर्षांनी म्हातारं होतं, गाडी उभी असली तरी. उलट उभ्या गाडीत सील सुकतात, टायर एका जागी दबतात आणि बॅटरी तर जातेच.

आता सगळ्यात महत्त्वाचा बिघाड. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण जुन्या गाड्यांचा सगळ्यात जास्त पैसा इथेच बुडतो. गाडी गरम होणे.

रेडिएटरच्या झाकणाकडे नीट पाहिलंय का कधी? त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो दाब आहे. आतलं पाणी वातावरणाच्या दाबापेक्षा तेवढ्या जास्त दाबाखाली ठेवलेलं असतं. स्टीम टेबल काढा (परीक्षा सोडून पहिल्यांदाच उपयोग होईल!) आणि साधारण १.९ बारला पाणी किती अंशांना उकळतं ते पाहा. जवळजवळ ११९. म्हणजे झाकणाच्या आतलं ते छोटं रबर वॉशर आणि स्प्रिंग तुम्हाला १८-१९ अंशांची सवलत देतात. कूलंट योग्य प्रमाणात असेल तर अजून थोडी. झाकणाचं वॉशर चिरलं की दाब टिकत नाही, सवलत रद्द. घाटात पाणी उकळतं, थोडं बाहेर पडतं, पातळी खाली जाते, राहिलेलं पाणी अजून तापतं. हे चक्र सुरू झालं की ते थांबायला पाच-सात मिनिटं पुरतात. झाकणाची किंमत १५० रुपये.

होज पाइपचंही तसंच. वरचा पाइप इंजिनातून निघालेलं गरम पाणी नेतो म्हणून तो आधी जातो. गाडी थंड असताना तो चिमटीत दाबून पाहायचा. चांगला पाइप घट्ट लागतो आणि सोडल्यावर लगेच जागेवर येतो. दाबल्यावर बारीक करकर आवाज आला किंवा तो पावासारखा मऊ लागला तर त्याचे दिवस भरलेत. क्लिपजवळ फुगलेला असेल तर आजच बदला.

मागच्या मे महिन्यात अशीच एक ८०० टोचन करून मामाकडे आली. पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीच्या चढावर वरचा पाइप फुटला होता. मामाने आधीच्या सर्व्हिसिंगला तो बदलायला सांगितला होता, मालक म्हणाले होते पुढच्या वेळी बघू. फुटल्यावरही ते थांबले असते तर भागलं असतं. पण काटा लाल पट्ट्यात असताना "वरपर्यंत तर जाऊ" म्हणून त्यांनी गाडी तशीच रेटली. इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं असतं. ते एवढं तापलं की वाकडं होतं, मग खालच्या ब्लॉकवर सपाट बसत नाही, आणि मधलं पॅकिंग जळतं. पाणी ऑइलमध्ये, ऑइल पाण्यात. ऑइलचं झाकण उघडलं तर आत चक्क दूध-कॉफीचा साय आलेला थर होता.

ते बिल मीच लिहिलं. लेथवर हेड फेसिंग ७००, पॅकिंग सेट १,४००, उघडलंच आहे तर टायमिंग बेल्ट ४५०, इंजिन ऑइल, फिल्टर आणि कूलंट मिळून १,७००, होज, झाकण आणि थर्मोस्टॅट मिळून ७५०, मजुरी ३,०००, टोचन १,२००. एकूण ९,२००. आणि जो पाइप आधी बदलायचा होता त्याची किंमत १८० रुपये. मालकांचं नशीब की ब्लॉकला काही झालं नव्हतं. नाहीतर पिस्टन-रिंगांसकट इंजिन बांधायला काढावं लागलं असतं, आणि मग २० ते २५ हजार कुठे गेले नाहीत.

इथे एक सांगून ठेवते. हे सगळे भाव आमच्या मामाच्या छोट्या गॅरेजचे आहेत. पुण्यात मजुरी दीडपट-दुप्पट धरा. पार्ट कंपनीचा की लोकल यावरही फरक पडतो. माझं मत विचाराल तर ब्रेक, बेल्ट आणि पाण्याचे पाइप यांत लोकल घेऊच नये. दरवाजाचं हँडल, आरसा, दिव्याची काच जुन्या बाजारातून आणा, काही बिघडत नाही.

पाण्याबद्दल अजून एक. बऱ्याच जुन्या गाड्यांत कूलंटच नसतं, नळाचं पाणी असतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे हे हॉस्टेलच्या गिझरमधली कॉइल पाहून कळेलच. तोच खडू रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. रेडिएटरचं झाकण उघडून (थंड असताना! गरम असताना उघडलं तर चेहरा भाजेल) आत पाहा. हिरवं किंवा लाल स्वच्छ पाणी दिसलं तर मालकाने गाडी सांभाळली आहे. विटकरी गढूळ दिसलं तर किंमत कमी करायला सुरुवात करा. नवा रेडिएटर २ ते ३ हजारांचा आहे.

टायमिंग बेल्ट हा दुसरा न दिसणारा धोका. ८०० च्या इंजिनात क्रँक आणि कॅम यांना जोडणारा दातेरी पट्टा रबराचा आहे. तुटण्याआधी तो काही आवाज वगैरे करत नाही. चालू गाडी एकदम बंद, बस्स. विकणाऱ्याला "बेल्ट कधी बदललाय?" विचारलं आणि उत्तर "ओके आहे" असं आलं, तर तो बदललेला नाही असंच समजा. बिल दाखवलं तर खरं. त्यातही क्रँकचं किंवा कॅमचं ऑइल सील गळत असेल तर ऑइल बेल्टवर उडतं आणि नवा बेल्टसुद्धा लवकर जातो. म्हणजे ७०-८० रुपयांच्या सीलमुळे! बेल्ट ४५०, टेन्शनर ६००, वॉटर बॉडी ९००, सील १५०, मजुरी १,०००, असे ३,१०० धरून चला. वॉटर बॉडी त्याच जागी असते, म्हणून एकाच मजुरीत दोन्ही कामं करून घ्यायची. गॅरेजवाला हे स्वतःहून सुचवत असेल तर तो तुम्हाला लुटत नाहीये.

आता चाकांकडे येऊ. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवा. पुढून कट-कट-कट असा आवाज आला तर एक्सलचा जॉइंट गेलाय. हा जॉइंट असतो पोलादी आणि चांगला दणकट. त्याच्यावर ग्रीस धरून ठेवायला घडीघडीची रबरी टोपी असते, तिला बूट म्हणतात. बूट फाटला की ग्रीस उडून जातं, धूळ आणि पाणी आत शिरतं, आणि काही महिन्यांत पोलाद खल्लास. बूट २०० चा, जॉइंट १,४०० चा. खाली वाकून चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस शिंपडल्यासारखं दिसतं का, एवढंच बघायचं असतं. आवाज यायच्या आधी सापडलं तर हजारभर वाचले.

खडबडीत रस्त्यावर पुढून खड-खड येत असेल तर लोअर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंट. एका बाजूचा आर्म साधारण ९००. हे दुर्लक्षित राहिलं तर टायर एका कडेने खातात, आणि टायर स्वस्त नाहीत, ८०० चा एक टायर अडीच हजारांच्या आसपास. टायरची नक्षी खोल दिसते म्हणून फसू नका. कडेला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. ३५१६ म्हणजे २०१६ चा ३५ वा आठवडा. असा टायर नवा कोरा दिसला तरी त्याचं रबर आपल्याबरोबर शाळेत होतं!

धुराचं थोडक्यात. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. सकाळी पहिल्या स्टार्टला भपकारा येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हचे सील कडक झालेत (पुन्हा रबर), दोन-तीन हजारांत भागतं. अॅक्सिलरेटर दिल्यावर सतत येत असेल तर रिंगा गेल्यात, ते इंजिन काम. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. गाडी तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला तर हेड पॅकिंगचा संशय घ्या. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, हे बहुतेक वेळा कमी पैशात सुधारतं.

आणि पेट्रोलवरून आठवलं. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आलं. ८०० बनली तेव्हा हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. काही जुन्या प्रकारचं रबर इथेनॉलने फुगतं किंवा चिरतं. म्हणून पेट्रोलचे पाइप आणि त्यांचे जोड वर्षातून एकदा नीट पाहायचे. पाइपाचे दोन-तीनशे रुपये आणि गाडीत पेट्रोलचा वास, यात निवड करायची असेल तर विचार करत बसू नका. वास येणारी गाडी पार्किंगमधून बाहेर काढूच नका.

माझ्या या रबर-सिद्धांताला एक मोठा अपवाद आहे, गंज. तिथे लोखंड स्वतःच जातं. पायाखालचं मॅट उचलून बोटाने दाबा, चाकांच्या कमानीच्या आत हात फिरवा, स्टेपनी काढून तिच्या खालचा खड्डा पाहा. कोकण पासिंगच्या गाड्यांना, म्हणजे एमएच-०६, ०७, ०८, टॉर्च घेऊन जरा जास्तच पाहा. समुद्राची खारी हवा आणि तिथला पाऊस पत्र्याला सोडत नाही. छोटं भोक असेल तर अडीच-तीन हजारांचं पत्रा काम. पण शॉकअप जिथे बॉडीला वर बसतो तिथला पत्रा कुजला असेल तर नमस्कार करून परत या.

आता मेसच्या काकांची गोष्ट सांगते, म्हणजे हे आकडे एकत्र कसे बसतात ते कळेल. काकूंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी साताऱ्याला न्यावं लागतं. पहाटेची एसटी, आणि परत येताना त्यांना उभं राहवत नाही. काकांनी ७०,००० जमवले होते. आपली ट्रिप असेल तर "बंद पडली तर ढकलू" चालतं. त्यांचं तसं नव्हतं.

त्यांना २००८ ची ८०० दाखवली होती, ६५,००० ला. लाल रंग, ताजं पॉलिश, नवे सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम. काका खूश होते. "ताई, पाच हजार उरतात, त्यात पेट्रोल आणि पूजा!" मी मामाला फोन केला आणि रविवारी आम्ही तिघं गाडी बघायला गेलो. गंमत म्हणजे मालक सगळी उत्तरं मामाकडे बघून देत होते, प्रश्न मी विचारत असले तरी. असो.

परत येताना मी वहीत यादी केली. मागचे दोन टायर (तेच ३५१६ वाले) ५,०००. बेल्टचं काम ३,१००. होज, झाकण, थर्मोस्टॅट, कूलंट मजुरीसह २,०००. डावा जॉइंट आणि उजवा बूट २,३००. दोन्ही लोअर आर्म आणि अलाइनमेंट २,६००. मागचे ब्रेक शू आणि व्हील सिलिंडर २,०००. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा २,५००. हे झाले १९,५००. थर्ड पार्टी विमा आणि गाडी नावावर करायचा खर्च धरून आणखी ४,५००. म्हणजे २४,०००, सगळं मिळून ८९,०००. ही ६५,००० ची गाडी!

मामा म्हणाला ४६,००० ला देत असतील तर घ्या. मालक साठाच्या खाली यायला तयार नव्हते. काका परतीच्या वाटेवर काही बोललेच नाहीत. घरी काकूंना आधीच सांगून झालं होतं, त्याचं त्यांना जास्त वाईट वाटत होतं. मलाही कसंतरी झालं. चांगली दिसणारी गाडी नको म्हणायला सांगणं सोपं नसतं, विशेषतः पैसे आपले नसताना.

दीड महिन्याने दुसरी मिळाली. ही पण २००८ चीच, ५२,००० ला. पांढरा रंग उन्हाने पार फिका झालेला, दारावर पोचा, टेपच्या जागी भोक. पण एकच मालक, निवृत्त शिक्षक, आणि त्यांच्याकडे बिलांची फाइल! बेल्ट २०२१ मध्ये बदललेला, बिल हजर. टायर चांगले. रेडिएटरमध्ये हिरवं कूलंट. आणि क्लच-ब्रेकच्या पेडलवरचं रबर मीटरवरच्या किलोमीटरला शोभेल एवढंच झिजलेलं. (ही युक्ती लक्षात ठेवा. मीटर ५० हजार सांगतोय आणि पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर त्या दोघांतलं पेडल खरं बोलतं.) काम निघालं ते होज वगैरे २,०००, दोन्ही बूट १,०००, उजवा लोअर आर्म मजुरीसह १,३००, मागचे ब्रेक २,०००, नवी बॅटरी ३,६००. एकूण ९,९००. कागदपत्रांचे ४,५०० धरून ६६,४०० झाले आणि काकांकडे ३,६०० उरले.

ते उरलेले पैसे मला गाडीइतकेच महत्त्वाचे वाटतात. आठ महिन्यांत त्यातून सायलेन्सर टांगायचं रबर ६० रुपये आणि स्टार्टरचे कार्बन ब्रश मजुरीसह ७०० एवढंच गेलं. क्लच मात्र वर धरतोय. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी मिळून ४ ते ५ हजारांचं काम आहे, म्हणून काका दर महिन्याला ५०० बाजूला टाकतात. पोचा तसाच आहे. काकू म्हणतात त्यामुळे हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये आपली गाडी लगेच ओळखू येते.

कागदांचं राहिलंच. खासगी कारचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, मग फिटनेस दाखवून ५-५ वर्षांनी वाढवावं लागतं. ही फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या कारसाठी १०,००० केली. वर महाराष्ट्रात पर्यावरण कर आहे. काकांच्या गाडीची मुदत २०२८ पर्यंत आहे, म्हणजे तेव्हा हा खर्च परत येणार. विकणारे बरोबर याच तारखेच्या आधी गाडी विकायला काढतात! आरसी बुकवरची तारीख पाहिल्याशिवाय किमतीवर बोलूच नका. हॉस्टेलच्या ग्रुपने वर्गणी काढून घ्यायची असेल तर गाडी कुणा एकाच्याच नावावर होणार. अपघात झाला तर नोटीस त्यालाच येते, हेही आधी बोलून घ्या.

एसी बंद असेल तर माझं मत असं की तसाच राहू द्या. कॉम्प्रेसरसकट काम निघालं तर दहा हजारांच्या पुढे जातं, म्हणजे काकांनी ब्रेकपासून बॅटरीपर्यंत केलेल्या सगळ्या कामाइतकं. डेंटिंग-पेंटिंग, अलॉय व्हील, मोठा हॉर्न, यांच्याबद्दल मी बोलणार नाही, भांडणं होतात.

गाडी बघायला जाताना सकाळी जा, आणि येतोय असं फार आधी सांगू नका. बरोबर टॉर्च, फडकं आणि एक मोठा पुठ्ठा न्या. गाडी सुरू करून झाल्यावर पुठ्ठा इंजिनाखाली सरकवायचा आणि पंधरा मिनिटांनी त्यावर काय गळलंय ते बघायचं. काळं म्हणजे ऑइल, हिरवं किंवा लाल चिकट म्हणजे कूलंट. एसी चालवलात तर साधं पाणी पडणारच, त्याला घाबरू नका. पण या सगळ्याच्या आधी, चावी मागायच्याही आधी, बॉनेटवर हात ठेवा. पाइप दाबायचा, रेडिएटरचं झाकण उघडायचं, पहिल्या स्टार्टचा धूर बघायचा, हे सगळं थंड इंजिनावरच जमतं. बॉनेट गरम लागलं तर चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी अर्धा तास लवकर या.